काळ्या खिडकीतली मराठी

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं औरंगाबादच्या नामांतराला मान्यता दिली आणि पत्त्यांच्या याद्यांपासून पगारपत्रकांपर्यंत सगळीकडे ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव लिहिलं जाऊ लागलं. संगणकाच्या हिशेबात हा बदल लहान नव्हता. ‘औरंगाबाद’ हे आठ संकेतांकांचं, म्हणजे संगणक क्रमांकानं ओळखतो अशा आठ चिन्हांचं, २४ बाइटचं नाव. नवं नाव मधली मोकळी जागा धरून १७ संकेतांकांचं आणि ४९ बाइटचं. समजा, एखाद्या जुन्या प्रोग्राममध्ये गावाच्या नावासाठी ३० बाइटची जागा राखलेली आहे. जुनं नाव तिच्यात आरामात मावत होतं. नवं नाव ‘छत्रपती सं’पर्यंत येतं, पुढच्या ‘भ’च्या तीन बाइटपैकी दोन आत जातात आणि तिसऱ्याला जागा उरत नाही. मग पडद्यावर ‘सं’च्या शेजारी कोनावर उभ्या असलेल्या काळ्या चौकोनात एक प्रश्नचिन्ह उमटतं.

अशी चिन्हं सगळ्यात जास्त दिसतात ती टर्मिनलमध्ये, म्हणजे ज्या काळ्या खिडकीत माणूस आदेश टाइप करतो आणि यंत्र अक्षरांतच उत्तर देतं तिथे. वाळूजच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळणारा असो की विद्यापीठात मराठी मजकुरावर काम करणारी संशोधक, या खिडकीशिवाय दोघांचंही चालत नाही. ब्राउझरमध्ये स्वच्छ दिसणारी मराठी इथे आली की कधी चौकोन होते, कधी प्रश्नचिन्हांची रांग, तर कधी परकी चिन्हं. पाहणाऱ्याला वाटतं, फाइल खराब झाली. बहुतेक वेळा फाइलीला काहीही झालेलं नसतं. खरं नुकसान होतं ते त्यानंतर, घाईघाईनं केलेल्या दुरुस्तीत. म्हणून माझा आग्रह असा की मराठी मोडलेली दिसली तर आधी ती कशी मोडली आहे ते नीट पाहावं. मोडण्याची प्रत्येक तऱ्हा वेगळी असते आणि दोष कुठे आहे ते तीच सांगते.

एकाच नावाची चार मापं

आपण ‘छत्रपती संभाजीनगर’ वाचतो तेव्हा दहा अक्षरं मोजतो: छ, त्र, प, ती आणि सं, भा, जी, न, ग, र. लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाला ही दहा अक्षरं ठाऊक नाहीत. त्याच्या लेखी ‘त्र’ म्हणजे त, हलन्ताचं चिन्ह आणि र असे तीन संकेतांक, आणि ‘ती’ म्हणजे त आणि दीर्घ वेलांटी. ही मांडणी आपल्याकडूनच तिकडे गेलेली आहे. भारतीय लिप्यांसाठी एकच सामाईक संकेतप्रणाली असावी हे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालं. मोहन तांबे यांच्या पुढाकारानं तिथे जिस्ट तंत्रज्ञान आकाराला आलं आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्यातून घडलेल्या इस्की या प्रमाणाची १९८८ची आवृत्ती समोर ठेवून ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीनं देवनागरीला १२८ जागा दिल्या. दशमान पद्धतीत त्या २३०४ पासून २४३१ पर्यंत येतात. तक्त्यांमध्ये हेच क्रमांक सोळाच्या पायावर लिहितात, पण इथे मी नेहमीचेच आकडे वापरतो.

संकेतांक फाइलीत साठवण्याची आज सर्वमान्य असलेली रीत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती सप्टेंबर १९९२ मध्ये तयार केली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाला तीन. ‘छ’चा क्रमांक २३३१, त्याचे बाइट २२४, १६४, १५५. हलन्ताचा क्रमांक २३८१, त्याचे बाइट २२४, १६५, १४१. देवनागरीतल्या प्रत्येक संकेतांकाचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा एकतर १६४ किंवा १६५. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे निदानाला तेच उपयोगी पडणार आहेत.

तर नाव एकच, पण वाचणाऱ्याला दहा अक्षरं, युनिकोडला १७ संकेतांक, डिस्कला ४९ बाइट. चौथं माप टर्मिनलचं स्वतःचं आहे: हे नाव पडद्यावर किती घरं व्यापेल? त्याच्याकडे शेवटी येऊ, कारण बाकीचे दोष दुरुस्त झाल्यावरही तेच अडतं.

आधी बाइट, मग बाकी सगळं

पहिली तपासणी डोळ्यांनी करायचीच नाही. लिनक्स किंवा मॅकवर ‘ओडी’ नावाचा जुना आदेश आहे. तो फाइलीतले बाइट जसेच्या तसे आकड्यांत दाखवतो आणि योग्य पर्याय दिला तर ते दशमान असतात. त्याच्या उत्तरात २२४-१६४ आणि २२४-१६५ अशा जोड्या सतत येत असतील तर मजकूर जिवंत आहे. बिघाड दाखवण्यात आहे, फाइलीला हातही लावू नका.

त्याऐवजी ६३, ६३, ६३ अशी रांग दिसली तर मात्र बातमी वाईट आहे. ६३ म्हणजे साधं प्रश्नचिन्ह. कुठल्या तरी प्रोग्रामला मराठी अक्षर आपल्या तक्त्यात सापडलं नाही आणि त्यानं त्या जागी कायमचं प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. आता मूळ प्रत शोधण्यावाचून इलाज नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ नेमणूक २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत लॅटिन-१ या पश्चिम युरोपीय तक्त्याची होती. ती न बदलता मराठी नावं भरली गेली तिथे असे प्रश्नचिन्हांचे रकाने तयार होऊ शकत होते. म्हणून काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह आणि साधं प्रश्नचिन्ह यांतला फरक महत्त्वाचा आहे. पहिलं म्हणतं, ‘मला हे बाइट वाचता येत नाहीत.’ दुसरं पडद्यापुरतं असू शकतं किंवा फाइलीत कोरलेलं असू शकतं, आणि ते फक्त आकडेच सांगतात.

तिसरी शक्यता १९५, १६०, १९४, १६४ असे आकडे पुनःपुन्हा येण्याची. याचा अर्थ मराठीचे बाइट कोणी तरी युरोपीय अक्षरं समजून वाचले आणि पुन्हा यूटीएफ-८ मध्ये साठवले. मजकुरावर दोनदा संस्कार झाले. ‘आयकॉन्व्ह’ या आदेशानं एक पायरी मागे जाता येतं, पण दर वेळी पूर्ण नाही. विंडोजच्या १२५२ क्रमांकाच्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका १४१ आहे, ऱ्हस्व उकाराचा १२९, ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४ आणि ‘झ’चा १५७. चुकीच्या वाचनात काही प्रोग्राम या रिकाम्या जागा गाळून टाकतात. अशी फाइल परत आणली तर बाकीचा मजकूर येतो आणि जोडाक्षरं, ऱ्हस्व उकार, ‘ए’, ‘ऐ’, ‘झ’ तेवढे गळालेले राहतात. मराठीत हलन्ताशिवाय एक परिच्छेदही लिहून होत नाही. मोडका मजकूर ‘सेव्ह’ करू नका असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

आणि २२४ कुठेच नसेल, नुसती इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी असेल, तर तो बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेला मजकूर असतो. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत आणि कार्यालयांत श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांवर वर्षानुवर्षं काम झालं. त्यांच्या जुन्या फाइलींना टर्मिनलची कुठलीही सेटिंग लागू पडत नाही. त्यांना त्या त्या फॉन्टासाठी बनवलेला परिवर्तकच लागतो.

येनचं चिन्ह का दिसतं

बाइट शाबूत असूनही पडद्यावर परकी चिन्हं येत असतील तर टर्मिनल चुकीचा तक्ता धरून वाचत आहे. लॅटिन-१ मध्ये २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचं सर्वसाधारण चिन्ह आणि १६५ म्हणजे जपानी येन. म्हणून मोडलेल्या मराठीत दर दोन-तीन चिन्हांनंतर तो ‘ए’ परत येतो, आणि हलन्त, मात्रा, उकार, दीर्घ वेलांटी आली की येन. ‘छत्रपती’त येन दोनदा येतं, एकदा हलन्तासाठी आणि एकदा शेवटच्या वेलांटीसाठी. विंडोजच्या जुन्या खिडकीत ४३७ क्रमांकाचा तक्ता लागलेला असेल तर त्याच बाइटांच्या जागी ग्रीक अल्फा आणि नागमोडी टोपी घातलेला रोमन ‘एन’ दिसतो. तिथे ‘सीएचसीपी ६५००१’ हा आदेश रोमन अक्षरांत दिला की त्या खिडकीपुरता यूटीएफ-८चा तक्ता लागू होतो.

याहून विचित्र प्रकार घडतो तो आठ-बिटी पद्धतीनं चालणाऱ्या जुन्या टर्मिनलांत. त्यांच्या प्रमाणात १२८ ते १५९ हे बाइट अक्षरांचे नसून आदेशांचे आहेत. १४१ म्हणजे ‘कर्सर एक ओळ वर न्या’. १५५ म्हणजे ‘पुढे येतो तो मजकूर नव्हे, नियंत्रणाचा आदेश समजा’. आता ‘छत्रपती’कडे पुन्हा पाहा. ‘छ’चा तिसरा बाइट १५५ आहे. असं टर्मिनल पहिल्याच अक्षरावर आदेशाची वाट पाहू लागतं आणि पुढचे बाइट गिळू शकतं, आणि इतर शब्दांतल्या जोडाक्षरांवर ओळी एकमेकींवर चढतात. खिडकीच वेड्यासारखी वागायला लागली की लोक यंत्रात विषाणू शिरला असं समजतात. दोष तक्त्याचा असतो. यूटीएफ-८ची पद्धत चालू केली आणि ‘रीसेट’ हा आदेश दिला की खिडकी शुद्धीवर येते.

लिनक्सवर कुठला तक्ता धरायचा हे ‘लोकेल’ नावाच्या सेटिंगवर ठरतं. ते तपासायला मला शब्दगणनेचा ‘डब्ल्यूसी’ हा आदेश फार आवडतो. शहराचं नाव, शेवटी ओळ न मोडता, त्याला द्या आणि अक्षरं मोजायला सांगा. उत्तर १७ आलं तर लोकेल ठीक आहे. ४९ आलं तर यंत्र बाइटांनाच अक्षरं समजतंय. हा घोळ बहुतेकदा दूरच्या सर्व्हरवर होतो. तिकडे जोडताना तुमचा लॅपटॉप आपलं लोकेल सोबत पाठवतो, पण त्या सर्व्हरवर ते बसवलेलंच नसतं. मग तो गपचूप ‘सी’ या मूळ लोकेलवर उतरतो, ज्याला इंग्रजीपलीकडे काही कळत नाही. भारतीय मराठीचं लोकेल किंवा कुठलंही यूटीएफ-८ लोकेल तिथे तयार करून घेणं हा त्यावरचा उपाय.

फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं ‘गिट’ वापरणाऱ्यांना आणखी एक दृश्य भेटतं: मराठी नावाच्या फाइलीऐवजी तिरक्या रेघा आणि ३४०, २४४, २३३ असे आकडे. हे २२४, १६४ आणि १५५च आहेत, फक्त आठाच्या पायावर लिहिलेले. इथे काहीच बिघडलेलं नाही. गिट सावधगिरी म्हणून अशी नावं आकड्यांत दाखवतं आणि ‘कोअर कोटपाथ’ ही सेटिंग बंद केली की नाव मराठीत येतं.

चौकोन आणि ठिपक्यांचं वर्तुळ

रिकामे चौकोन दिसले तर गोष्ट सोपी आहे. अक्षर ओळखलं गेलं, पण त्याचं चित्र फॉन्टात नाही. कन्सोलास किंवा डेजाव्हू सॅन्स मोनो या टर्मिनलांत लोकप्रिय असलेल्या फॉन्टांत देवनागरी नाही, तेव्हा ती दुसऱ्या फॉन्टातून आणावी लागते. विंडोजवर मंगल आणि निर्मला आहेत. मंगलची अक्षरं रघुनाथ कृष्ण जोशी यांनी घडवली. मुंबईत आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवणारा हा सुलेखनकार जगभरच्या संगणकांवर पोचला तो या फॉन्टातून. लिनक्सवर नोटो किंवा लोहित बसवावा. एखादंच अक्षर चौकोन होत असेल तर ते बहुधा ‘ॲ’ असतं. मराठीला रोज लागणारं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत आलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत त्याला घर नाही. तोपर्यंत लोक ‘अ’वर वेगळी चंद्रकोर चढवत किंवा हिंदीतला ‘ऍ’ वापरत. त्या तिन्ही रूपांचे संकेतांक वेगळे, म्हणून शोधताना ‘ॲप’ हा शब्द अजूनही निसटतो.

लिनक्सच्या मूळ कन्सोलवर, जिथे खिडक्याच नसतात, नेहमीच्या फॉन्टांपाशी वेळ घालवू नये. त्या कन्सोलच्या फॉन्टात जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि मात्रा वळवून जोडाक्षर घडवण्याची सोय त्यात नाही. तिथे मराठी वाचायचीच असेल तर दुसऱ्या यंत्रावरून त्यात शिरावं.

ठिपक्यांचं वर्तुळ मात्र निराळी कथा सांगतं. त्याचा अर्थ, काना-मात्रा आली पण तिला धरायला व्यंजन मिळालं नाही. एखाद्याच ठिकाणी वर्तुळ दिसलं तर टायपिंगची चूक असेल. प्रत्येक वेलांटीला ते दिसत असेल तर टर्मिनल मजकुराचे एकेका संकेतांकाचे तुकडे करून चित्रकाराकडे देतंय. या तुकड्यांची खरी परीक्षा ऱ्हस्व वेलांटीवर होते. ती टाइप होते व्यंजनानंतर, पण काढायची असते त्याच्या आधी. टर्मिनलनं हा क्रम पालटला नाही तर ‘देवगिरी’तली वेलांटी ‘ग’ सोडून ‘र’च्या डोक्यावर जाते आणि शहराशेजारच्या किल्ल्याचं नाव वाचता येत नाही. एक्सटर्म हे जुनं टर्मिनल असंच करतं. केडीईचा कॉन्सोल आणि बहुभाषक वापरासाठीच लिहिलेला एमएलटर्म हे अक्षरजुळणी करतात. विंडोजवर मे २०२० मध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेलं विंडोज टर्मिनल जुन्या खिडकीपेक्षा बरंच बरं आहे.

घरांचा हिशेब

आता ते चौथं माप. टर्मिनलचा पडदा म्हणजे गणिताची चौकटींची वही: एका घरात एक अक्षर. १९७८च्या व्हीटी-१०० या यंत्रावर ८० स्तंभ आणि २४ ओळी होत्या आणि आजची खिडकी त्याच सवयीनं चालते. प्रोग्राम कर्सर कुठे न्यायचा ते स्वतः मोजतो, पण चित्र टर्मिनल काढतं. दोघांची बेरीज जुळली तरच कर्सर योग्य जागी बसतो.

केंब्रिजच्या मार्कुस कून यांनी लिहिलेला घरं मोजण्याचा नियम पुढे असंख्य प्रोग्रामांनी उचलला. त्यात हलन्त, अनुस्वार, मात्रा आणि उकार यांना शून्य घरं आहेत. काना आणि वेलांट्या मात्र युनिकोडच्या वर्गीकरणात जागा घेणाऱ्या चिन्हांत मोडतात, म्हणून त्यांना एकेक घर. या हिशेबानं आपलं नाव १५ घरांचं होतं. काही नवे प्रोग्राम काना-वेलांटीलाही शून्य धरतात, त्यांच्या लेखी ते १२ घरांचं. अक्षरागणिक एक घर दिलं तर मोकळी जागा धरून ११. फॉन्ट तर यांतलं काहीच पाळत नाही, ‘त्र’ला हवी तेवढी रुंदी तो घेतो.

म्हणून मराठी मजकुराच्या तक्त्यातले उभे रकाने वाकडे होतात, व्हिम या संपादकात ओळीच्या मधोमध टाइप करताना कर्सर दोन अक्षरं पुढे दिसतो, खोडलेल्या अक्षराची सावली मागे उरते. मधे टीमक्स, म्हणजे एकाच खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम, असेल तर मोजणारे तिघे होतात आणि गोंधळ वाढतो. लोकेल, फॉन्ट, तक्ता सगळं नीट असूनही हे घडतं. वापरणाऱ्यानं स्वतःला दोष देऊ नये, नियमच आपल्या अक्षरासाठी लिहिलेला नव्हता.

नियम आता बदलतोय. सप्टेंबर २०२३च्या १५.१ या आवृत्तीत युनिकोडनं देवनागरीचं जोडाक्षर एकसंध एकक धरण्याचा नियम घातला. त्याआधी ‘त्र’चे ‘त्’ आणि ‘र’ असे दोन तुकडे करायला प्रमाणाची मुभा होती. एकेका संकेतांकाऐवजी अख्ख्या एककाची घरं मोजायची, असं प्रोग्रामनं टर्मिनलला सांगण्याची २०२७ क्रमांकाची एक पद्धतही काही नव्या टर्मिनलांनी स्वीकारली आहे. दोन्ही बाजूंनी ती बोलली तरच उपयोग, आणि अजून पुष्कळ प्रोग्राम ती बोलत नाहीत.

या टर्मिनलांचे निर्माते बहुतेक देवनागरी न वाचणारे आहेत. त्यांना चूक दिसते ती आपण दाखवली तर. तक्रार पाठवताना टर्मिनलची आवृत्ती, फॉन्टचं नाव, लोकेल आणि दोन चित्रं द्यावीत: पडद्यावर काय दिसतं आणि काय दिसायला हवं. नमुन्यासाठी ‘मराठी’ हा शब्द घेऊ नका, तो फार सोपा आहे. ‘देवगिरी’ द्या, ऱ्हस्व वेलांटीसाठी. ‘राष्ट्र्य’ द्या, एकावर एक चढलेल्या हलन्तांसाठी. आणि ‘वऱ्हाड’ अवश्य द्या. त्यातला आडवा रफार हिंदीत नाही, त्यामुळे हिंदीवर तपासलेलं टर्मिनलही तिथे चुकू शकतं. शिवाय त्यातलं ‘ऱ’ एका संकेतांकानं लिहिता येतं आणि ‘र’खाली नुक्ता देऊन दोन संकेतांकांनीही. मॅकच्या जुन्या फाइलपद्धतीत फाइलीचं नाव दुसऱ्या रूपात साठवलं जाई, म्हणून तक्रारीत दोन्ही रूपं वेगवेगळी दाखवावीत.